आणि त्या पोराचं काय?

गेल्या महिन्यात आमच्या भिशीत चिठ्ठी काढायची राहिली बाजूला आणि भलताच विषय निघाला. एका वहिनींच्या माहेरच्या ओळखीतला मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. त्याने आठ वर्षांच्या पोराला मारलं. शाळेतल्या बाईंनी पोराच्या पाठीवरचे वळ पाहिले आणि पोलिसांना कळवलं. कोर्टात गुन्हा सिद्ध झाला. आता शिक्षा भोगून झाली की त्याला देशाबाहेर काढणार म्हणे!

मग काय विचारता! एकजण म्हणाली, "पोटच्या पोराला धाक दाखवायचा नाही तर काय पूजा करायची?" दुसरी म्हणाली, "आपण काय कमी मार खाल्ला? बिघडलं का काही?" तिसरीचं मत वेगळं, "त्यांच्या देशात राहायचं तर त्यांचे कायदे पाळा. काढलं हाकलून तर बरोबरच आहे." वहिनी बिचाऱ्या सांगत होत्या, घर घेतलंय, हप्ते चालू आहेत, बायकोचा व्हिसाही त्याच्याच नोकरीवर आहे.

ज्यांच्या घरी भिशी होती त्यांची सून पोह्यांच्या बशा उचलत होती. उचलता उचलता तिने विचारलं, "आणि त्या पोराचं काय झालं?"

सगळ्या गप्प. वहिनींना घराचे हप्ते माहीत होते, वकिलाची फी माहीत होती, पण पोराचं काय झालं ते माहीत नव्हतं. खरं सांगते, अर्धा तास मीही तावातावाने बोलत होते, पण मलाही हा प्रश्न सुचला नव्हता.

घरी आले आणि मला २०१२ सालची नॉर्वेची बातमी आठवली. आंध्र प्रदेशातलं एक दाम्पत्य नोकरीनिमित्त ओस्लोला राहत होतं. सात वर्षांच्या मुलाने शाळेत सांगितलं, की चड्डीत शू झाली म्हणून आईबाबा भारतात परत पाठवायची धमकी देतात. चौकशी झाली. मारहाण, चटके, धमक्या असे आरोप आईवडिलांवर ठेवले गेले. त्यांनी ते नाकारले. डिसेंबर २०१२ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने वडिलांना १८ महिने आणि आईला १५ महिने कैद सुनावली. आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! वाहिन्यांवर चर्चा, सरकारने मध्ये पडावं अशा मागण्या, 'आपली संस्कृती त्यांना काय कळणार' हे पालुपद. त्याच सुमाराला नॉर्वेतल्याच एका बंगाली जोडप्याची मुलं ताब्यात घेतल्याचं प्रकरण गाजत होतं. त्यावरून पुढे २०२३ मध्ये सिनेमाही आला. वास्तविक त्या आईवडिलांना कुठल्या कोर्टाने गुन्हेगार ठरवलं नव्हतं. पण आपण दोन्ही प्रकरणं एकाच टोपलीत टाकली आणि 'परक्यांनी आपल्या लोकांचा छळ मांडलाय' असं म्हणून मोकळे झालो. निकाल लागला तेव्हा तो सात वर्षांचा मुलगा हैदराबादला आजी-आजोबांकडे होता. म्हणजे आपल्याच देशात! त्याच्याविषयी किती जणांनी विचारलं?

संस्कृतीचा मुद्दा आधी निकालात काढते. चटका हा चटकाच असतो. तो ओस्लोत बसला काय आणि उस्मानाबादेत बसला काय, कातडी तशीच भाजते. आणि मुलांना न मारणं हे काही गोऱ्यांच्या रक्तातच असतं असंही नाही. स्वीडनने १९७९ मध्ये आणि नॉर्वेने १९८७ मध्ये आईवडिलांनीही मुलांना मारू नये असे कायदे केले. त्याआधी तिथेही पोरं मार खातच होती. आपल्याकडे केंद्र सरकारने २००७ मध्ये तेरा राज्यांत केलेल्या पाहणीत दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक अत्याचार सोसल्याचं दिसलं. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे होते खुद्द आईवडील. यात संस्कृती कुठली हो? ही तर आपली सवय!

शिक्षा कडक असावी या मताचीही मी आहे. इंग्लंडमध्ये टोनी हजेल नावाचा मुलगा आहे. तो ४१ दिवसांचा असताना जन्मदात्यांनी त्याला इतकं मारलं, की पुढे त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. २०१८ मध्ये त्या दोघांना १० वर्षांची कैद झाली, कारण कायद्यात त्याहून जास्त शिक्षाच नव्हती. त्याला दत्तक घेणारी आई, पॉला हजेल, गप्प बसली नाही. तिने मोहीम चालवली आणि २०२२ मध्ये अशा क्रौर्याची कमाल शिक्षा १४ वर्षांवर गेली. मूल दगावलं तर जन्मठेप. त्या बाईला माझा दंडवत!

पण कैद वेगळी आणि हद्दपारी वेगळी. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने मुलांचा छळ, हेळसांड किंवा मुलाला टाकून देणं या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं. ग्रीन कार्ड असलं तरीही. मुलाला प्रत्यक्ष इजा झाली नाही, नुसतं धोक्यात टाकलं, अशा गुन्ह्यांनाही हे कलम लावलं गेलं आहे. ब्रिटनमध्ये २००७ च्या कायद्यानुसार एक वर्ष किंवा जास्त कैद झालेल्या परक्या नागरिकाला, काही अपवाद सोडले तर, घालवूनच देतात. वरवर पाहता वाटतं, छान! ब्याद गेली!

पण ब्याद जाते कुठे? आपल्याकडे गुंडाला तडीपार करतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. तो शेजारच्या जिल्ह्यात मेव्हण्याकडे मुक्काम ठोकतो. पण निदान त्याने ज्यांना छळलं ते लोक मागे राहतात आणि तो जातो. घरात मारणाऱ्याचं तसं नसतं. पुष्कळदा मार खाणारं पोर त्याच्याबरोबर त्याच विमानात बसतं! तिथे निदान वळ पाहणाऱ्या बाई होत्या. इथे तेच पोर आपल्या गावात उतरतं, नव्या शाळेत जातं आणि त्याची गोष्ट कुणालाच माहीत नसते. उलट "तुझ्यामुळे आम्हाला यावं लागलं" हे ऐकून घ्यावं लागतं ते निराळंच. ओस्लोच्या त्या मुलाला घरात भारतात पाठवायची धमकी होती असं म्हणतात. अशा मुलाला सरकारनेही तेच केलेलं दिसलं तर त्याने काय समजायचं? खरं बोलल्याची शिक्षा?

दुसरं असं, की हद्दपारीच्या भीतीने तोंडं बंद होतात. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली बाई पोराला पट्ट्याने मारताना पाहते. तिने पोलिसांना बोलावलं तर नवरा जाईल, नोकरी जाईल, तीही जाईल. मग ती दार लावून घेते. झाकली मूठ सव्वा लाखाची! पोराच्या वाट्याला मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पोलिसांना मदत करणाऱ्या पीडितांसाठी अमेरिकेने २००० साली 'यू' व्हिसा काढला, पण तो वर्षाला फक्त दहा हजार जणांना मिळतो आणि वाट पाहण्यात वर्षं जातात.

दार लावून घेणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. माझी लेक सहा वर्षांची असताना तिने शाळेची वही हरवली. पोळ्या लाटत होते, हातातलं लाटणंच तिच्या हातावर मारलं. बोटं सुजली. दुसऱ्या दिवशी तिला शाळेत पाठवलं नाही. 'ताप आलाय' अशी चिठ्ठी मीच लिहिली. आज ती स्वतः आई आहे. मध्यंतरी बोलता बोलता मी माफी मागितली, तर म्हणाली, "अगं, लाटण्याचं मी विसरलेसुद्धा. पण बाबा दारात उभे होते ना, ते काहीच बोलले नाहीत. ते आठवतं." मी काय बोलणार! मारणारी मी, पण तिच्या मनात राहिला तो पाहणारा.

म्हणून मला वाटतं, कायदा असा हवा की पाहणाऱ्याला बोलता आलं पाहिजे. रागाच्या भरातली एक थप्पड आणि तापवलेला चमचा एका तागडीत तोलू नका. पहिल्याला समज द्या, समुपदेशन करा. दुसऱ्याला सरळ तुरुंग, मग तो कुठल्याही देशाचा असो. पण देशाबाहेर काढायचा निर्णय पोराचं हित पाहून व्हावा, नुसतं कलम लागू झालं म्हणून नको. आणि काढायचंच असेल, तर त्या पोराची फाईलही इथल्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे यायला हवी. मुलांच्या संरक्षणासाठी देशांनी एकमेकांना मदत करावी असा १९९६ चा हेग करार आहे, पण भारत त्यात सामील नाही. वाहिन्यांवर घसा कोरडा करणाऱ्यांनी ही मागणी का नाही केली?

आपल्याकडेही कायदा आहेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे. घरात मारण्यावर सरसकट बंदी नाही, पण ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १०९८ हा फोन रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत. किती जणींनी तो कधी लावला? भिंतीपलीकडून पोराचं ओरडणं ऐकू आलं की आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. 'त्यांच्या घरातलं आहे, आपण कशाला पडा मध्ये!'

परवा पुन्हा भिशी झाली. वहिनींनी फोन करून चौकशी केली होती. पोरगा मामीकडे आहे म्हणाल्या, शाळेत जातो, रात्री दिवा लावून झोपतो. मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मी विचारेपर्यंत इकडून कुणी त्याच्याबद्दल विचारलंच नव्हतं हो."

तुमच्या कानावर अशी गोष्ट आली तर मैत्रिणींनो, घराचे हप्ते आणि व्हिसा मागाहून विचारा. आधी पोराचं विचारा.