फुकटच्या फळ्यांचा हिशेब

घोडबंदर रोडला सध्या धंदा शिकवणाऱ्यांची कमतरता नाही. त्यांपैकी एकांचा सिद्धांत असा: खाडीपलीकडे भिवंडीची गोदामं, गोदामांबाहेर लाकडी पॅलेटच्या थप्प्या, आणि त्या फुकट. चार खिळे उपटायचे, पॉलिश मारायचं, वाघबीळ-कासारवडवलीच्या बाल्कन्यांसाठी फर्निचर म्हणून विकायचं. लाकडाला खर्च नाही म्हणजे सगळा नफाच. आणि सुतार? त्याची गरजच काय, मोबाइलवर पाहून कुणालाही जमतं!

आधी 'फुकट' पाहू. काल्हेर-पूर्ण्याला फुकट काही पडून नसतं. धड पॅलेट दुरुस्त होऊन पुन्हा मालाखाली जातं, मोडकं भंगारवाला उचलतो, त्याहून मोडकं जळणाला. निळं रंगवलेलं बहुधा भाड्याचं, म्हणजे मालक दुसराच. राहिलेलं आणायला छोटा हत्ती टेम्पो लागतो, आणि तो कशेळीचा पूल व कापूरबावडीचा खोळंबा फुकटात ओलांडत नाही.

आता ते 'चार खिळे'. 1200 बाय 800 मिलिमीटरच्या प्रमाणित युरोपीय पॅलेटात 11 फळ्या, 9 ठोकळे आणि 78 खिळे असतात. खिळेही साधे नव्हेत. सुटू नयेत म्हणूनच पीळ किंवा कंगोरे दिलेले. पहार लावली की खिळा जागचा हलत नाही, फळीचं टोक मात्र फाटतं. टोक कापलं की फळी आखूड. खिळे मधोमध कापून फळी सोडवावी, तर तुकडे लाकडात राहतात आणि रंध्याचं पातं नेमकं त्यांच्यावरच जातं. 22 मिलिमीटरची फळी तासून सपाट होईपर्यंत आणखी पातळ होते. आपल्याकडच्या पॅलेटात तर एक फळी पाइनची, शेजारची कसल्या तरी जंगली लाकडाची. पावसाळ्यात एक जास्त फुगते, दुसरी कमी, आणि सांधा उघडतो. हे सगळं निस्तरायला जो दिवस जातो, त्याची मजुरी आमच्या गुरुजींच्या वहीत शून्य! स्वतःच्या घामाला किंमत न लावता काढलेला नफा कुणालाही काढता येईल.

पॅलेटवरच्या शिक्क्याबद्दल एवढंच: एचटी म्हणजे लाकडाचा गाभा 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेला, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. त्या लाकडावर नंतर कोणतं रसायन सांडलं, हे शिक्का सांगत नाही.

जुन्या लाकडाला नाक मुरडणाऱ्यांशीही माझं जमत नाही. सागवानाखेरीज सगळं हलकं, असं म्हणणारे पूर्वी प्लायवूडवर घसरले, मग उल्हासनगरच्या फर्निचर बाजारावर. मोडलेल्या वाड्यांचे खांब आणि मुंबईच्या दारूखान्यात फोडलेल्या जहाजांचं लाकूड मात्र याच मंडळींच्या दिवाणखान्यात मिरवतं.

धंदा होतो, पण मापाचा. अरुंद बाल्कनीत बसेल असं बाकडं, दारामागचं शू-रॅक, कुंड्यांची मांडणी, असं दुकानात तयार न मिळणारं काहीतरी, आधी ऑर्डर घेऊन. रसायनाची शंका असल्याने पाळणा आणि पोळपाट यांच्या नादी लागू नये. राहिला प्रश्न जळणाला जाणाऱ्या लाकडाचा: मुंबईतल्या बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडावा, असा आदेश उच्च न्यायालयाने 2025 मध्ये दिला. भट्टीत जाणाऱ्या लाकडाचं बाकडं झालं तर बरंच.

घेणाऱ्यांनी बाकडं उलटं करून खुशाल पाहावं, खिळ्याचं टोक लागतं का ते बोटाने चाचपावं. ठीक निघालं, तर 'भंगाराचंच तर आहे' म्हणून मजुरी पाडून मागू नये.