कुंपणावरची अळी आणि फडताळातली बाटली

पाऊस ओसरू लागला की अंगणातल्या कुंपणाची पाने कडेने कुरतडलेली दिसतात. खाली बारीक काळपट लेंड्या पडलेल्या असतात. पान उलटून पाहावे, अळी सहसा तिथेच असते. ती दिसली की धानपट्ट्यातल्या आपल्या घरांत हात कुठे जातो? खोडकिड्यासाठी आणलेल्या, तळाशी थोड्या उरलेल्या ‘औषधा’कडे. त्याला औषध म्हणतो, हेच आधी खटकते. ते विष आहे आणि कुंपणावर त्याचे काही काम नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. ती फवारणी मोकळ्या शिवारातली होती. कुंपणाला तर दोरीवरचे कपडे, विहीर आणि खेळणारी मुले लागूनच असतात.

शिवाय प्रत्येक अळी माणसाला बाधत नाही. चांदणी किंवा कण्हेरीवर बोटाएवढी हिरवी अळी असते, डोक्यामागे डोळ्यांसारखे निळे ठिपके. दिसायला भयंकर, पण ती डंख करत नाही. जपायचे ते केसाळ सुरवंटापासून आणि काटेरी घोणस अळीपासून. २०२२ मध्ये घोणस अळीची राज्यभर धास्ती पसरली. नावामुळे लोकांना साप आठवला. प्रत्यक्षात काटे टोचल्यावर बहुतेकांना होते ती तीव्र आग आणि सूज.

मोजक्या अळ्या असतील तर हातमोजे घालून चिमट्याने साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. अंडी असलेली, जाळी धरलेली फांदी छाटून टाकावी. केसाळ सुरवंट जाळू नयेत किंवा झाडूने झटकू नयेत, केस उडून डोळ्यांत जातात. फारच झाल्या तर लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. लहान अळ्यांवर ती चांगली चालते, मोठ्यांवर फारशी नाही.

केस टोचले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, साबणाने धुवा, बर्फ लावा. डोळ्यात गेले, धाप लागली किंवा चेहरा सुजला तर तडक दवाखाना गाठा.

आणि फवारणीनंतर कुणाला दरदरून घाम, लाळ, उलट्या होऊ लागल्या किंवा डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नये. कपडे काढून अंग धुवावे, १०८ ला फोन करावा, येताना विषाची बाटली सोबत आणावी. लेबल वाचता आले की उपचार ठरवायला आम्हाला वेळ लागत नाही.