भिंत, चुना आणि आशय

मानवाकृतिप्रधान चित्राविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात विषयाची कथा असते, चित्रकाराचे चरित्र असते, प्रसंगी युगधर्मही असतो. ज्या द्रव्याने चित्र घडले त्याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. वाङ्मयसमीक्षेने चित्रसमीक्षेला लावलेली ही सवय आहे. जबलपूरच्या शहीद स्मारकातील भित्तिचित्रांकडेही याच सवयीने पाहिले जाते. ब्योहार राममनोहर सिन्हा (१९२९-२००७) यांनी रंगविलेल्या या भिंती स्वातंत्र्यलढ्याचा सचित्र इतिहास म्हणून वाचल्या जातात आणि तिथेच पाहणे संपते.

सिन्हा हे नंदलाल बोस यांचे विद्यार्थी. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे पान सजविणारे तेच. त्या परंपरेत भिंत म्हणजे कोरी पाटी नव्हती. नंदलालांनी जयपूरच्या नरसिंगलाल यांना शांतिनिकेतनात बोलावून आराइशीची पद्धत आत्मसात करविली. मुरवलेल्या चुन्याचा गिलावा ओला असेतो रंग भरायचा, थापीने आत ठोकायचा, अकीकाने घोटायचा. चुना वाळला की दुरुस्तीला वाव नाही. तिथे छायाप्रकाशाचे लाड परवडत नाहीत. आकृतीचा ज्याला ठामपणा म्हणतात, तो आधी द्रव्याचा नियम असतो, मग शैली.

पारंपरिक साधनांचा आग्रह म्हणजे पुनरुज्जीवनवाद, असा आक्षेप आधुनिकतावादी घेतात. तो अगदीच निराधार नाही. खनिज रंगांना देशभक्तीचा टिळा लावणारे भाविक पुष्कळ आहेत, आणि गेरू वापरला एवढ्याने सुमार आकृती अजिंठ्याची वारस होत नाही. परंतु १९३८च्या हरिपुरा काँग्रेससाठी नंदलालांनी केलेले फलक पाहावेत: हातकागद, टेम्परा, आणि त्यांवर ढोलवादक, सुतार, शेतकरी. साधन जुने, माणूस भोवतालचा. यात पुनरुज्जीवन कशाचे?

जबलपूरचेच अमृतलाल वेगड (१९२८-२०१८) तर उलट टोकाला गेले. नंदलालांच्या या शिष्याने नर्मदाकाठची माणसे नियतकालिकांतील छापील रंगीत कागदाच्या कपट्यांतून घडविली. ना चुना, ना गेरू. पण कपटा कुंचल्यासारखा वळत नाही, ही अडचण त्यांनी लपविली नाही. आकृती तिच्यातूनच काढली. साहित्य अकादेमीच्या गुजराती पुरस्काराचे (२००४) मानकरी, नर्मदेचे परिक्रमावासी म्हणून ते साहित्यवर्तुळास परिचित आहेत. त्यांची कोलाजे मात्र पुस्तकांची सजावट समजून उलटली जातात. ही उपेक्षा विद्वानांची आहे, वाचकांची नव्हे.

शहीद स्मारकावर प्रबंध लिहिणाऱ्याने हुतात्म्यांची नामावली उतरवून घेण्याआधी गिलावा कोणता, रंग कोणत्या बंधकाने धरला, नंतरच्या डागडुजीत त्यावर काही चढविले गेले का, हे भिंतीपाशी उभे राहून, गवंड्याला सोबत घेऊन तपासावे.