सरकारी टक्का आणि आपल्या घरचा टक्का

ऑक्टोबर 2025 मध्ये देशाची किरकोळ महागाई फक्त 0.25 टक्के असल्याचे सरकारने जाहीर केले. 2012 हे पायाभूत वर्ष धरून चाललेल्या मालिकेतला हा सर्वांत कमी आकडा. अनेकांनी तो वाचला, हसले आणि ‘सगळं खोटं आहे’ म्हणून पुढे गेले. मला हा शेरा अपुरा वाटतो. आकडा खोटा म्हटला की विषय तिथेच संपतो. तो काय मोजतो, कोणाचा खर्च मोजतो आणि कोणाच्या कामी येतो, हे विचारायचे राहून जाते. तरुण मित्रांनो, हे तीन प्रश्न आपण विचारायला हवेत.

पहिला प्रश्न, तो काय मोजतो? महागाईचा दर म्हणजे किमती नव्हेत. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत किमती किती वाढल्या, एवढेच तो सांगतो. ऑक्टोबर 2024 मध्ये हा दर 6.21 टक्के होता आणि भाज्या वर्षभरात 42 टक्क्यांनी महागल्या होत्या. त्या चढ्या भावांशी तुलना झाली, भाज्या उतरल्या, म्हणून वर्षभराने दर शून्याजवळ दिसला. पण घरभाडे, शाळेची फी, दवाखान्याचे बिल काही मागे आले नाही. 2012 सालच्या किमती 100 धरल्या, तर 2025 च्या अखेरीस निर्देशांक 197 च्या आसपास होता. म्हणजे सरकारच्याच हिशेबाने, तेव्हा शंभर रुपयांत येणाऱ्या सामानाला आता जवळपास दोनशे लागतात. अम्मी बाजारातून येऊन बोलते ती या 197 बद्दल. टीव्हीवरचा निवेदक बोलतो तो 0.25 बद्दल. दोघेही खरेच बोलतात.

दुसरा प्रश्न, कोणाचा खर्च? निर्देशांकात प्रत्येक वस्तूला वजन दिलेले असते, आणि ते देशातल्या सगळ्या घरांच्या एकूण खर्चावरून ठरते. जो जास्त खर्च करतो त्याची छाप त्यावर जास्त पडते. एक सोपे गणित करून पाहू. समजा अन्न 10 टक्क्यांनी महागले आणि बाकी सगळे 2 टक्क्यांनी. ज्या घराचा 20 टक्के खर्च अन्नावर होतो, त्याची महागाई 3.6 टक्के. ज्या घराचा 55 टक्के खर्च अन्नावर होतो, त्याची 6.4 टक्के. बाजार एकच, भाव एकच, तरी मालेगावच्या यंत्रमाग कामगाराची महागाई आणि त्याच्या मालकाची महागाई वेगळी. सरकारी आकडा या दोघांच्या मधला कुठला तरी असतो. रिझर्व्ह बँक कुटुंबांना विचारून जे सर्वेक्षण करते, त्यातही लोकांना जाणवणारी महागाई अधिकृत दरापेक्षा सातत्याने जास्त येते.

त्यात ही वजने बराच काळ जुनीच राहिली. ती 2011-12 च्या खर्च-सर्वेक्षणावर बेतलेली होती. 2017-18 चे सर्वेक्षण झाले, पण माहितीच्या दर्जाचे कारण देऊन सरकारने ते प्रसिद्धच केले नाही. मोबाइलच्या रिचार्जशिवाय घर चालेनासे झाले, तरी मोजणी जुन्याच टोपलीची सुरू होती. अखेर फेब्रुवारी 2026 मध्ये 2024 हे पायाभूत वर्ष असलेली नवी मालिका आली. ग्रामीण घरभाडे आता त्यात धरले जाते, ही चांगली सुधारणा आहे. मात्र खाद्य-पेयांचे वजन सुमारे 46 टक्क्यांवरून सुमारे 37 टक्क्यांवर आले. याला वर्गवारीतला बदल काही अंशी कारण आहे, आणि सरासरी घराचा अन्नावरचा हिस्सा कमी झालाय हेही खरे. पण ज्या घरात निम्मी कमाई अजून किराणा, भाजी आणि दुधावरच जाते, त्या घरासाठी कांदा-टोमॅटोची पुढची भाववाढ सरकारी आकड्यात पूर्वीपेक्षा लहान दिसेल.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा आकडा कोणाच्या कामी येतो? केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून वर्षातून दोनदा ठरतो. ते योग्यच आहे. भाव वाढले की पगार वाढला पाहिजे. पण हाच न्याय गरिबांच्या योजनांना का नाही?

राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात 60 ते 79 वर्षांच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा महिना 200 रुपये आहे, आणि तो कित्येक वर्षे तेवढाच आहे. ओबीसींच्या नॉन-क्रीमी लेयरची मर्यादा 2017 मध्ये 8 लाख झाली. दर तीन वर्षांनी तिचा फेरविचार व्हावा असे 1993 पासून ठरलेले आहे, तरी ती तिथेच राहिली. तेव्हापासून निर्देशांक 40 टक्क्यांहून अधिक वाढला. त्या हिशेबाने ही मर्यादा 11 लाखांच्या पुढे असायला हवी होती. महाराष्ट्रातल्या बागवान, तांबोळी, पिंजारी घरांतली मुले याच दाखल्यावर प्रवेश घेतात.

अल्पसंख्याकांच्या शिष्यवृत्त्यांचेही तेच. 2008 मध्ये मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू झाली तेव्हा पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख होती. 2022-23 मध्ये ती योजना नववी-दहावीपुरती उरली, तेव्हाही मर्यादा 1 लाखच. याचा अर्थ नीट समजून घ्या. एखाद्या रिक्षाचालकाची कमाई फक्त भावांबरोबर वाढली, तो कणभरही श्रीमंत झाला नाही, तरी कागदावर तो ‘गरीब’ राहत नाही आणि त्याची मुलगी यादीतून गळते. योजना बंद करण्याची घोषणा करावी लागत नाही. मर्यादा गोठवून ठेवली की ते काम महागाईच करते.

म्हणून माझे म्हणणे असे. सरकारी आकड्याची टिंगल करून आपल्या हाती काही लागत नाही. त्याच्या उणिवा दाखवूया, पण तो हातात घेऊन हक्कही मागूया. जी मर्यादा, जे निवृत्तिवेतन, जी शिष्यवृत्ती रुपयांत ठरते, ती दरवर्षी निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढली पाहिजे, ही साधी आणि न्याय्य मागणी आहे. ती फक्त मुसलमानांची नाही. दलित, आदिवासी, शेतमजूर, एकट्या विधवा, सगळ्यांची आहे.

आणि एक काम घरातही करता येईल. आमच्या घरी खर्चाची वही आहे. त्या वहीमुळेच मला कळले की आमचे बजेट कांद्याने कमी आणि भाड्याने व क्लासच्या फीने जास्त बिघडवले. तुम्हीही तीन महिने अन्न, भाडे, औषध, शिक्षण आणि प्रवास असे पाच रकाने भरा. मोहल्ल्यातल्या वीस घरांनी हे केले, तर आमदार-खासदाराकडे जाताना आपल्या हातात तक्रारीसोबत हिशेबही असेल. हिशेब दाखवला की ‘तुम्हाला उगाच तसं वाटतंय’ असे म्हणणे अवघड जाते.