नोंद पडद्यावरची, नजर खाटेवरची

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम अधिसूचित केला आणि आरोग्य माहितीशास्त्र हा विषय पहिल्याच वर्षी आणला. ४० तास वर्गात, ४० तास प्रयोगशाळेत. त्याच वर्षी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. तेव्हा हे वेळेवरच झाले म्हणायचे.

पण मोबाइल हातात घेऊन वाढलेल्या मुलामुलींना बटणे दाबायला कोण शिकवणार? शिकवायचे ते वेगळेच आहे. कागदी चार्टवर रात्री दोनचा ताप पहाटे सहाला लिहिला, तरी तो दोनच्याच रकान्यात बसे. संगणक नोंद केल्याची वेळही जपून ठेवतो. आधीच्या पाळीची टीप तशीच पुढे उतरवण्याची सोयही तोच देतो. मग सकाळी काढलेली सलाइन पडद्यावर संध्याकाळपर्यंत चालूच राहते! औषध देण्याआधीच 'दिले' अशी खूण केली, तर पुढच्या पाळीची सिस्टर तिच्यावर विसंबते. गोळी मात्र ट्रेमध्येच असते.

खऱ्या रुग्णाच्या नोंदीत शिकाऊ हात नको, हे योग्यच. पण म्हणून सिस्टरच्या नावाने उघडलेल्या पडद्यावर विद्यार्थिनीला बसवले, तर चूक कोणाच्या नावावर? त्यापेक्षा काल्पनिक रुग्णांची सराव-प्रणाली हवी, आणि 'हे तू पाहिलेस की उतरवलेस?' असे विचारणारी शिक्षिका हवी. प्रणाली विकत मिळते. शिक्षिकेने विद्यार्थिनींसोबत वॉर्डात उभे राहावे, असे वेळापत्रकातही असते. प्रत्यक्षात कितीजणी उभ्या असतात, ते रुग्णांच्या नातेवाइकांना विचारावे.