मार्गशीर्षांतलें गांव आणि श्रावणांतलें गांव

गेल्या हिवाळ्यांत याच सदरांत आम्ही ओघानें लिहून गेलों होतों कीं, डोंबिवलीचें बिर्‍हाड मोडून आम्ही उभयतां सांगलीस कायमचे राहावयास जाण्याच्या विचारांत आहों. त्यावर वाचकांचीं बरींच पत्रें आलीं. बहुतेक अभिनंदनपर होतीं. घर घेतलें काय, वास्तुशांति केव्हां, अशीहि पृच्छा कित्येकांनीं केली. त्या सर्वांस एकदमच उत्तर द्यावयाचें तर, घर अद्यापि घेतलेलें नाहीं. तें कां घेतलें नाहीं हें सांगितल्यास उतारवयांत गांव बदलूं पाहणार्‍या इतर गृहस्थांस कांहीं उपयोग होईल, म्हणून हा प्रपंच.

डोंबिवलींत आमचीं चौतीस वर्षें गेलीं. गांवानें आम्हांस अन्न दिलें, विद्यार्थी दिले, आणि रस्त्यानें जातां येतां 'नमस्कार सर' म्हणणारीं माणसें दिलीं; तेव्हां त्याची निंदा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु आमचें बिर्‍हाड तिसर्‍या मजल्यावर, आणि इमारतीस उद्वाहक नाहीं. सौ.च्या गुडघ्यांनीं दोन वर्षांपूर्वीं जो असहकार पुकारला तो अद्याप चालूच आहे. मंडईंतून वर येतांना दुसर्‍या मजल्याच्या वळणावर पिशवी खालीं ठेवून ती कठडा धरून उभी राहते, तें आम्हीं वरून अनेकदां पाहिलें आहे. मुलगा परदेशीं, मुलगी बेळगांवीं दिलेली. बेळगांवाहून मिरजेस आगगाडीनें अर्ध्या दिवसाच्या आंत येतां येतें, आणि मिरज म्हणजे सांगलीचें अंगणच. सांगली, मिरज व कुपवाड मिळून 1998 सालीं एक महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेंत तिची वस्ती पांच लाखांच्या घरांत भरली. म्हणजे गांव खेडें नव्हे आणि मुंबईसारखा समुद्रहि नव्हे. आमच्यासारख्यांस एवढें माप पुरेसें आहे, असें वाटलें.

मार्गशीर्षांत पहिल्यानें गेलों. रात्रीं कल्याणास महालक्ष्मी गाडी धरली, ती पहांटेच्या अंधारांत सांगलीस उतरलों. त्या चार दिवसांचें वर्णन करावयाचें म्हणजे स्तुतिपाठच होईल. थंडी कोरडी, ऊन कोवळें. आयर्विन पुलावरून पाहिलें तर कृष्णामाई खालीं खोल, पात्राच्या मध्यावर आंग चोरून वाहत होती. घाटाच्या पायर्‍या अगदीं खालपर्यंत उघड्या. संस्थानिक पटवर्धनांनीं बांधविलेल्या गणपतीच्या काळ्या पाषाणाच्या देवळांत सकाळची पूजा पाहिली. ज्या गांवीं 1843 सालीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, त्या गांवच्या मातीस पाय लागले याचेंहि समाधान आम्हांस थोडें नव्हतें. एके दिवशीं हरिपुरास गेलों. तेथें वारणा कृष्णेस मिळते, कांठीं संगमेश्वराचें देऊळ आहे, आणि 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गांवचे. परत येतांना भडंगाची पुडी घेतली आणि ती विद्यार्थ्यांपासून लपवून खाण्याचें वय उरलें नाहीं म्हणून रस्त्यांतच संपविली.

आमचा एक जुना विद्यार्थी तेथें पेढींत नोकरीस आहे. त्यानें गांवभागांत एक घर पाहून ठेवलें होतें. जुन्या वाड्याचा तळमजला, पुढें ओटी, मागें परसांत विहीर आणि तुळशीवृंदावन. चढावयाची पायरी म्हणाल तर एकच. ओटीला लागून एक लांबट, उजेडाची खोली होती. आमचीं पुस्तकें आजवर पलंगाखालीं, माळ्यावर आणि कांहीं तर स्वयंपाकघरांतील फडताळांत दिवस काढीत आलेलीं. त्या खोलींत पाऊल टाकतांच कोश कोणत्या भिंतीस, भाष्यें कोणत्या, नाटकें खिडकीजवळ, अशी मांडणी आम्हीं मनांतल्या मनांत पुरी केली. भिंतींस नुकताच तैलरंग दिलेला होता. घरमालक अगत्यशील होते. आम्ही इसाराची रक्कम उच्चारणार, तोंच सौ.नें विचारलें, "अहो, नदी इथून केवढ्या लांब?"

"ही काय, चार मिनिटांची वाट."

"मग ती इथं केव्हां येते तें एकदां पाहूं, आणि नंतर इसार देऊं."

घरमालक हंसले. पाणी येतें, पण पायरीपर्यंत, असें ते म्हणाले. आम्हांस, खरें सांगावयाचें तर, तिचें हें बोलणें रुचलें नाहीं. परतीच्या गाडींत आम्ही तिच्याशीं फारसे बोललों नाहीं, आणि ती वातीं वळीत बसली.

हल्लीं दूरध्वनीच्या यंत्रावर चार छायाचित्रें पाहून परगांवीं घर घेण्याचा प्रघात पडला आहे. प्रत्यक्ष जाऊन पाहणारे त्याहून शहाणे, असें आम्ही समजत होतों. पण पाहुणा म्हणून चार दिवस जाणें हेंहि एक छायाचित्रच. ऋतु त्यांचा, वेळ त्यांची, आणि दाखविणाराहि तेच. म्हणून दुसर्‍या खेपेस श्रावणांत गेलों ते पाहुणे म्हणून नव्हे. विश्रामबागेंत विद्यार्थ्याच्या ओळखीनें एक खोली दहा दिवसांपुरती भाड्यानें घेतली, बरोबर लहान कुकर, दोन पातेलीं आणि पोळपाट नेलें, आणि तेथें राहूं लागलों.

श्रावणांत सांगलींतील माणसें फुटांत बोलतात. वाण्याच्या दुकानांत, बसथांब्यावर, देवळाच्या पायरीवर, "आज किती?" एवढाच प्रश्न, आणि "अठ्ठावीस", "एकतीस" एवढेंच उत्तर. हें माप आयर्विन पुलापाशीं पाहतात. 1929 सालचा हा पूल. तेथें चाळीस फुटांस इशारा आणि पंचेचाळिसांस धोका. आम्ही होतों तेव्हां पाणी तिसाच्या मागेंपुढें होतें, म्हणजे तेथील हिशेबानें कांहींच नव्हे. तरी मार्गशीर्षांत ज्या पायर्‍यांवर आम्ही बसलों होतों त्यांतील एकहि दृष्टीस पडत नव्हती, आणि तांबडें पाणी आवाज न करतां पुलाखालून जात होतें. तो न होणारा आवाज आम्हांस जरा भेडसावून गेला.

कोयना धरण भरत आलें म्हणजे त्याचे दरवाजे उघडतात, तें पाणी कर्‍हाडास कृष्णेंत येतें. हरिपुरास वारणा भर घालते. आणि खालीं नरसोबाच्या वाडीस पंचगंगा तुडुंब होऊन येऊन मिळते, तेव्हां वरच्या पाण्यास पुढें सरावयास वाट राहत नाहीं. मुलूख सपाट. त्यामुळें पाणी येतें तें घाईनें आणि जातें तें रेंगाळत. 2005 सालीं पन्नास फुटांच्या वर, 2019 सालीं सत्तावन्नाच्याहि वर, पुन्हां 2021 सालीं पन्नासाच्या वर, असें तें येऊन गेलें. 2019 सालच्या ऑगस्टांत याच जिल्ह्यांत ब्रह्मनाळ येथें पुरांतून लोकांस बाहेर काढणारी नाव उलटून माणसें बुडालीं. तें वृत्त आम्हीं डोंबिवलींत वाचलें होतें, हळहळलों होतों, आणि विसरलोंहि होतों. सोळा वर्षांत तीन वेळां जी गोष्ट घडली ती अपवाद नव्हे, हें आम्ही व्याकरण शिकविणार्‍यांनीं तरी ओळखावयास हवें होतें.

तिसर्‍या दिवशीं गांवभागांतील त्या घरीं गेलों. घरमालक पुण्यास गेले होते, कुलूप होतें. आम्ही ओटीवर उभे राहून भिंतीवर कोठें कांहीं खूण दिसते काय तें पाहूं लागलों. पण नव्या तैलरंगापुढें आमच्या चष्म्याचें कांहीं चालेना. तेवढ्यांत सौ. शेजारच्या दारांत जाऊन उभी राहिली. आंतून सत्तरीच्या एक बाई आल्या. घर कितीला, पाणी येतें काय, असें कांहींएक न विचारतां तिनें विचारलें, "काकू, पुराच्या वेळीं तुम्ही देव कुठं ठेवतां?"

"देव आधीं माळ्यावर न्यायचे," त्या म्हणाल्या. "मग लोणच्याच्या बरण्या, मग कागदपत्रं. गाद्या शेवटीं. एकोणिसांत मात्र माळाहि पुरला नाहीं. आम्ही समोरच्यांच्या वरच्या मजल्यावर आठवडाभर होतों. आणि पाण्याचं एक वेळ चालतं हो, पाणी जातं. गाळ जात नाहीं. डाळीच्या डब्यांत गाळ, शिवणयंत्रांत गाळ, विहिरींत गाळ. वास तर दिवाळीपर्यंत."

"मग तुम्ही इथून गेला नाहींत?"

"कुठं जायचं? लग्न होऊन आलें ती याच घरांत. आम्हांला ठाऊक असतं, केव्हां काय उचलायचं तें. तुम्हांला कोण सांगणार?"

त्यांनीं चहा दिला. शेजारच्या घरांत पाणी कोठवर होतें तें त्यांस विचारावें लागलें नाहीं. बोलतां बोलतां त्यांनीं स्वतःच्याच भिंतीवर, आपल्या डोक्याच्याहि वर, हात टेंकवून दाखविला. दोन्ही घरांचें जोतें एकच आहे.

वाड्यांत वाढलेल्या माणसास पूर हा पाहुण्यासारखा असतो. त्याची वेळ, त्याच्या खोडी ठाऊक असतात. आमच्यासारख्या नवख्याकडे तो निराळ्या रीतीनें येईल. वैय्याकरण सांगतात कीं, आगम मित्रासारखा येऊन शेजारीं बसतो आणि आदेश शत्रूसारखा येऊन असलेल्यास उठवितो. काकूंच्या घरीं नदी आगम आहे. आमच्या येथें ती आदेश होऊन येईल, आणि उठवील तीं प्रथम आमचीं पुस्तकें.

सांगलीचें नगर वाचनालय 1869 सालचें. 2019 च्या पाण्यांत तेथील पुस्तकें फार मोठ्या संख्येनें गेलीं, त्यांत दुर्मिळ ग्रंथहि होते. भिजलेलें पुस्तक फुगतें आणि शेजारच्यास असें आवळतें कीं फळीवरून एकेक काढूं म्हटलें तरी निघत नाहीं; बळ केलें तर पुठ्ठा हातांत येतो आणि पानें मागें राहतात. जुन्या निर्णयसागरी छपाईचीं आमचीं कांहीं पुस्तकें वडिलांच्या हातचीं आहेत, समासांत त्यांचें अक्षर आहे. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं.

आतां पेंच असा पडला. सौ.च्या गुडघ्यांस तळमजला हवा, आमच्या पुस्तकांस वरचा मजला. चौतीस वर्षांत आमच्या संसारांत मतभेद झाले नाहींत असें नाहीं, पण तिचे पाय आणि आमचीं पुस्तकें अशीं समोरासमोर कधीं उभीं राहिलीं नव्हतीं. आम्ही गप्प होतों. तीच म्हणाली, "तुमचीं पुस्तकं वर राहूं द्या, मी चढेन हळू हळू." डोंबिवलीच्या जिन्याच्या वळणावर टेंकलेली पिशवी आमच्या डोळ्यांपुढें आली, आणि असा विचार आपण क्षणभर तरी मान्य करूं पाहत होतों याची आम्हांस लाज वाटली.

उरलेले दिवस आम्हीं देवळें व स्मारकें यांस रजा दिली. सकाळीं मंडईंत जावें, नळास पाणी किती वाजतां येतें तें पाहावें, दूधवाल्याशीं बोलावें. एके संध्याकाळीं मुद्दाम, कोणी आजारी नसतां, मिरजेच्या वानलेस रुग्णालयापर्यंत बसनें जाऊन आलों. मिरज ही 1894 सालीं त्या कॅनेडियन मिशनर्‍यानें रुग्णालय काढल्यापासून वैद्यकाची पेंठ झालेली. पण आपल्या दारापासून तेथें पोंचावयास किती वेळ लागतो तो आकडा इतिहासांत मिळत नाहीं. आम्हांस पाऊण तास लागला. रिक्षानें याच्या निम्म्यानें जातां येईल, असें चालकानें सांगितलें, आणि भाडेंहि सांगितलें. दोन्ही लिहून ठेवलीं आहेत.

मंडईंत एक लहानशी गोष्ट घडली. आम्ही वाट अडवून उभे असतां मागून एक तरुण म्हणाला, "आजोबा, जरा बाजूला व्हा." शब्द सभ्य होते. तरी आम्हीं मागें वळून पाहिलें, कीं हा आजोबा कोण? डोंबिवलींत त्याच वयाचा मुलगा 'सर' म्हणाला असता. परगांवीं घर मिळतें, औषध मिळतें. चौतीस वर्षें मिळत नाहींत. हें आम्हीं सौ.स सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "मला डोंबिवलींतसुद्धां सगळे सरांची बायकोच म्हणत. इथं निदान काकू म्हणताहेत." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, अजूनहि नाहीं.

अखेर ठरलें तें असें. डोंबिवलीची जागा तूर्त विकावयाची नाहीं. विश्रामबागेंत, पाण्याच्या वाटेपासून दूर आणि उंचावर, उद्वाहक असलेल्या इमारतींत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या अकरा महिन्यांच्या कराराने घ्यावयाच्या. तेथून नदी चार मिनिटांवर नाहीं, देऊळहि नाहीं, परसांत तुळस नाहीं. गॅलरींत कुंडी आहे. एक श्रावण तेथें काढावयाचा, मग पाहावयाचें. जाण्यापूर्वीं सौ. पुन्हां एकदां गांवभागांत जाऊन आली आणि काकूंना दूरध्वनीचा क्रमांक देऊन आली. पुढच्या वर्षीं पाणी चाळिसाला पोंचलें तर देव आणि बरण्या घेऊन आमच्याकडे यावें, असें तिनें त्यांस सांगितलें आहे. काकूंनीं बरण्यांपुरतें कबूल केलें. देव समोरच्यांकडेच राहतील, तसा रिवाज आहे.

पुस्तकांचें म्हणाल तर दोन खोल्यांत निम्मींच मावतील. वडिलांच्या अक्षराचीं जवळ राहतील. उरलेल्यांची यादी करावयास घेतली आहे. ती वाचनालयास पाठवून, यांतील कोणतीं तुमच्याकडून गेलीं तें कळवा, असें विचारणार आहों. यादी सध्यां दोनशें अकराव्या पुस्तकावर आहे. नवरात्रापूर्वीं ती पुरी व्हावी असें सौ.चें म्हणणें आहे, कारण त्यानंतर तिला माळा झाडावयाचा आहे.