नकाशावरचा हिरवा रंग म्हणजे इंटरनेट नव्हे

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘जीसॅट-एन२’ अवकाशात गेला आणि देशाच्या कानाकोपऱ्यात आता इंटरनेट पोहोचणार, अशा आशयाच्या बातम्यांचा पूर आला. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला, तेव्हा त्याच जयघोषाची पुनरावृत्ती झाली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. चाकांवरच्या घरात बसून नोकरी करण्याच्या स्वप्नाला आता नवी जोड मिळाली आहे : छतावर तबकडी बसवा आणि टॉवरची चिंता सोडा. हे अर्धसत्य आहे, आणि त्याची किंमत केवळ हौशी प्रवाशांना मोजावी लागणार नाही.

या दाव्याच्या परीक्षेसाठी हिमालयात जाण्याची गरज नाही. तमिळनाडूत कुंभकोणमला लागून असलेले साक्कोट्टै पुरेसे आहे. तंजावरला बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून एखाद्या मराठी कुटुंबाची कॅराव्हॅन अमृतकलशनाथाच्या दर्शनासाठी येथे मुक्कामाला थांबली, असे समजू. कावेरीचा हा मुलूख सपाट आहे. लहरी अडवायला ना डोंगर, ना दरी.

आधी आकाशाचा हिशेब. जीसॅट-एन२ ची एकूण क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट. ती ३२ बीममध्ये विभागली आहे. त्यांतील ८ अरुंद बीम ईशान्य भारतासाठी आणि २४ रुंद बीम उर्वरित देशासाठी. सरासरी काढली तर एका बीमच्या वाट्याला दीड गिगाबिट येतात. एका बीमच्या विस्तीर्ण क्षेत्रात एक हजार जणांनी एकाच वेळी वापर केला, तर प्रत्येकाच्या हाती दीड मेगाबिट उरतात. शिवाय हा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. प्रश्न वर जाऊन उत्तर परत येईपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो, आणि प्रकाशाचा वेग कोणत्याही धोरणाने वाढत नाही. त्याच्या का-बँड लहरींची लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. मुसळधार पाऊस त्या शोषतो आणि विखुरतो. कुंभकोणमच्या परिसरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो, हे येथे विसरून चालणार नाही.

सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह विलंबाचा प्रश्न सोडवतात, हे खरे. परंतु स्टारलिंकच्या बहुसंख्य उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ५३ अंशांनी कललेल्या आहेत. त्यामुळे त्यांची दाटी ५३ अक्षांशाच्या आसपास सर्वाधिक आणि विषुववृत्ताकडे विरळ होत जाते. कुंभकोणम ११ अक्षांशावर आहे. त्यात तबकडीला मोकळे आकाश लागते आणि प्रवाशाला नारळाची सावली. दोन्ही एकाच जागी क्वचितच मिळतात.

मग दोष वाहनाच्या वेगाचा? तोही नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीत होणारा डॉप्लर बदल सुमारे १०० हर्ट्झ असतो; ४जीच्या १५ किलोहर्ट्झ अंतराच्या उपवाहकांपुढे तो नगण्य. गाडीचे धातूचे कवच लहरी अडवते, पण छतावर बाह्य अँटेना बसवली की तो अडथळा बराचसा दूर होतो. दोन कंपन्यांची सिम जवळ ठेवण्याचा सल्लाही रास्त आहे. मात्र दोन्ही कंपन्या पुष्कळदा एकाच मनोऱ्यावर भाड्याने राहतात, म्हणजे मनोरा बंद पडला की दोन्ही सिम एकदमच मुकी होतात. खरा प्रश्न त्या मनोऱ्यापर्यंत जमिनीखालून फायबर आले आहे का, त्याला अखंड वीज आहे का, आणि एका वेळी किती जण त्याच्यावर अवलंबून आहेत, हा आहे.

उपग्रह निरर्थक आहेत, असा याचा अर्थ नव्हे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गाजा’ चक्रीवादळाने याच कावेरी खोऱ्यात विजेचे खांब आडवे केले होते. अशा वेळी, समुद्रावर किंवा सीमेवरच्या गावांत उपग्रहाला पर्याय नाही. पण आपत्तीतला आधार हा रोजच्या व्यवस्थेचा पर्याय म्हणून खपवणे ही विज्ञानाची नव्हे, जाहिरातीची भाषा आहे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना सेवाक्षेत्राचे नकाशे प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. पाऊल स्वागतार्ह, पण अपुरे. नकाशावरचा रंग सांगतो की येथे लहर पोहोचते. त्या लहरीवरून काम होते का, हे तो सांगत नाही. रस्त्याच्या प्रत्येक टप्प्यासाठी गर्दीच्या तासातील किमान वेग, विलंब आणि जोडणी तुटण्याचे प्रमाण जाहीर झाले पाहिजे. सरासरीचा आकडा उपयोगाचा नाही. सरासरी चार फूट खोल नदीतही माणूस बुडतो.

ही मागणी केवळ सहलीपुरती नाही. कुंभकोणमचा महामहम मेळा बारा वर्षांनी भरतो. मागचा २०१६ मध्ये झाला. पुढचा २०२८ मध्ये आहे. १९९२ च्या मेळ्यातील चेंगराचेंगरीत अनेकांनी प्राण गमावले. लाखो लोक एका तलावाभोवती जमतील, तेव्हाही नकाशा हिरवाच असेल. पण हरवलेल्या मुलाचा फोटो आणि रुग्णवाहिकेला पाठवलेला ठावठिकाणा त्याच मूठभर मनोऱ्यांतून वाट काढत असतील. तोवर मोजमाप उघड झाले नाही, तर उपग्रहांच्या बातम्या मोजून कोणाचाही जीव वाचणार नाही.